तंबूत भरलेला पालकवर्ग

बंगळुरूत सुट्टीच्या सकाळी शाळांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये, समुपदेशन केंद्रांत आई-बापांचे वर्ग भरतात. हट्ट, मोबाइल, जेवताना होणारी रडारड, परीक्षेची भीती असे त्यांचे विषय. परदेशी पुस्तकांतून आलेलं हे नवं खूळ आहे, असं जुन्या पिढीतल्या पुष्कळांना वाटतं. पण या वर्गांची वंशावळ शोधत मागे गेलं, की तिची एक ठळक शाखा होसूर रोडवरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत शिरते आणि तिथून थेट अमृतसरच्या मनोरुग्णालयात जाऊन पोचते.

फाळणीनंतर, १९५० साली, लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले. मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेमागे आहे ती हीच अदलाबदल. अमृतसरचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांच्याकडे रुग्ण उदंड आणि हाताखाली माणसं मोजकी. घरच्यांनी रुग्णाला आणून सोडायचं आणि पाठ फिरवायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. विद्यासागरांनी लष्कराचे जुने तंबू मिळवले, आवारात ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीही इथेच मुक्काम करा. रुग्णाची देखभाल घरच्यांच्या हाती आली. डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून बोलत: हा आजार काय आहे, चिडलेल्या माणसाशी कसं वागायचं, घरी परतल्यावर काय सांभाळायचं. शेजारच्या तंबूतला रुग्ण सावरताना डोळ्यांनी दिसला, की वेड कधी बरं होत नाही ही समजूत हळूहळू ढिली पडे. माणसं अपुरी म्हणून काढलेली ही तोड पुढे उपचाराचा कणाच ठरली.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोविकार केंद्रातही १९५७ पासून नातेवाईक रुग्णासोबत राहू लागले. बंगळुरूत १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली होती. १९७४ मध्ये ती आणि जुनं सरकारी मनोरुग्णालय एक होऊन निम्हान्स झालं. तिथे अख्ख्या कुटुंबाला दाखल करून घेणारा कक्ष निघाला. भट्टी, जानकीरामय्या आणि चन्नबसवण्णा यांनी १९८० मध्ये ‘फॅमिली प्रोसेस’ या परदेशी नियतकालिकात त्याची हकिगत मांडली. नवरा-बायकोचं बिनसलेलं बोलणं, सासूचा धाक, मुलावर निघणारा राग हे सगळं औषधांच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं धरलं गेलं. आजाराचा दोष घरावर ढकलून घराला बाहेर बसवण्यापेक्षा घरालाच कामाला लावायचं, ही आपल्याकडची खरी कमाई आहे, असं मला वाटतं.

मुलांच्या बाबतीत हे अधिकच लागू पडलं. मतिमंदत्व गोळीने जात नाही. शिकवावं लागतं, आणि दिवसभर शिकवू शकतात ते आई-वडीलच. अशा मुलांच्या पालकवर्गात काय शिकवतात याचा एक नमुना पाहा. मुलाला शर्ट घालायला शिकवायचं आहे. आई पहिली बाही मुलाच्या हातात देते, मूल गोंधळतं, दोघंही रडकुंडीला येतात. वर्गात सांगतात की उलट्या टोकाने सुरुवात करा. शर्ट तुम्ही घाला, बटणं तुम्ही लावा, शेवटचं बटण काजात अर्धं सरकवून ठेवा आणि ते तेवढं मुलाला ओढू द्या. काम त्याच्या हातून पुरं होतं, शाबासकी त्याला मिळते. ते जमलं की शेवटचं अख्खं बटण, मग शेवटची दोन. आई हे तिथेच, आपल्या मुलासोबत करून पाहते. तिची घाई कुठे होते, ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईच्या चटकन लक्षात येतं.

हा शेजारच खरा शिक्षक आहे, याला पुरावाही मिळाला. वेल्लोरच्या डॉक्टरांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. एकाला दहा आठवडे व्याख्यानं, दुसऱ्याला तितकाच काळ आपसात बोलण्याची, विचारण्याची संधी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बोलणाऱ्या गटाच्या दृष्टिकोनात जास्त सुधारणा दिसली. माइक हातात धरून दोन तास बोलणाऱ्या वक्त्यांनी हे मनावर घ्यायला हवं.

पालकांनीच काढलेले वर्ग हा या कुळाचा दुसरा प्रवाह. अमेरिकेत सिनेनट स्पेन्सर ट्रेसीची पत्नी लुईस हिने आपल्या कर्णबधिर मुलाला घरी शिकवलं आणि १९४२ मध्ये बारा आयांना घेऊन लॉस एंजेलिसला केंद्र सुरू केलं. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. म्हैसूरला पालकांच्या संघटनेने रोटरीच्या साथीने कर्णबधिर मुलांसाठी शाळा उभारली. तिथे मुलासोबत आईलाही वर्गात बसावं लागतं. बंगळुरूच्या जे. पी. गडकरी यांनी कर्नाटकातल्या पालकांना संघटित केलं आणि ‘परिवार’ या देशभरातल्या पालकसंघटनांच्या महासंघाच्या उभारणीतही ते पुढे होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामागे अशा संघटनांचा पाठपुरावा आहे. पुण्यात १९८७ मध्ये ‘पालकनीती’ मासिक निघालं, तेही सगळ्याच मुलांच्या पालकांना एकमेकांशी बोलतं करण्यासाठी.

आणखी एक शाखा आपल्या फार जवळची आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ नंतर आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात भरवायची, तीच अंगणवाडी. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची, आणि हे सगळं आईच्या डोळ्यांदेखत. तिला कुणी उपदेश करत नव्हतं. ती पाहत होती. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी, कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातलं टी. नरसीपूर त्यांपैकी होतं. या योजनेतल्या केंद्रांना कन्नड घरांतही तेव्हापासून अंगणवाडीच म्हणतात.

बंगळुरूच्या बांधकामांवर रायचूर, यादगीर, कलबुर्गीहून आलेल्या आया विटा वाहतात. त्यांना सुट्टीची मोकळी सकाळ नाही आणि समुपदेशन केंद्राची फी परवडत नाही. त्यांच्या वाट्याला येऊ शकणारा पालकवर्ग हा अंगणवाडीतलाच. तिथल्या ताईंच्या हातात रजिस्टरं इतकी असतात, की आईशी निवांत बोलायला वेळ उरत नाही. रजिस्टरं कमी करून तो वेळ त्यांना द्यायला हवा.