नेवासे: निधी की वास?

प्रवरेकाठच्या नेवाशाचे मूळ नाव स्थलपुराण ‘निधिवास’ असे सांगते. कुबेराचा निधी म्हणे इथे होता. ‘दधि’चे ‘दही’ झाले, तसा ‘निधि’तला ध आधी ह झाला आणि मग झिजला, असे म्हणता येते. पण दोन इकार मिळून ‘नी’ व्हायला हवे, ‘ने’ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मला वाटते, कुबेर मागाहून आला. भक्कम आहे तो ‘वास’. पण तोही बोलीने आपलासा केला आहे: लोक ‘नेवासाला’ नाही, ‘नेवाशाला’ जातात, पैशाला, सशाला म्हणतात तसेच. म्हणजे आज तरी हा शब्द पोथीच्या नव्हे, जिभेच्या वळणाने चालतो.

‘वास’ म्हणजे वस्ती, आणि वस्ती तर प्रत्येक गावच असते, मग नावात विशेष ते काय, असे कुणी विचारील. विशेष आहे ते इथल्या वस्तीच्या वयात. १९५४ ते ५६च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन हत्यारे, मडक्यांत पुरलेली ताम्रपाषाणयुगीन बालके, सातवाहनकालीन अवशेष असे थरावर थर सापडले. शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या थरांच्या शेजारीच. ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो ‘पैसाचा खांब’ आजही इथे उभा आहे.