बादलीतून निघालेला दिवा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, पण सनावळी नको, अशी आज्ञा कार्यकारिणीकडून झाली. सनावळी अगदीच टाळता येणार नाही. परंतु जिची सुरुवात घरातल्या एका बादलीपासून झाली अशी एक हकिकत माझ्यापाशी आहे. तीच आज सांगते.

चीनच्या अगदी ईशान्य टोकाला हेइलुंगच्यांग नावाचा प्रांत आहे. हार्बिन ही त्याची राजधानी. सुंगहुआ नदीकाठचे हे शहर फार जुने नव्हे. १८९८ साली रशियनांनी तेथून आगगाडीचा मार्ग न्यायला घेतला, त्यानंतर ते वाढीस लागले. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो आणि नदी अशी थिजते की माणसे खुशाल तिच्यावरून चालतात. दर वर्षी ५ जानेवारीला येथे बर्फाचा उत्सव सुरू होतो. बर्फाचे राजवाडे, मनोरे, पूल आणि त्यांच्या पोटात रंगीत दिवे! त्याची छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असतील. छायाचित्रांत दिसत नाही ते त्याचे मूळ.

त्या मुलखातले कोळी आणि शेतकरी हिवाळ्याच्या रात्री कामाला बाहेर पडत, तेव्हा वाऱ्यापुढे साधा दिवा टिकत नसे. त्यावर त्यांनी युक्ती काढली ती मोठी नामी. बादलीत पाणी भरून ती उघड्यावर ठेवायची. थंडी बाहेरून आत शिरते, म्हणून कडेचे पाणी आधी गोठते आणि मधले पाणीच राहते. तेवढ्यात बादली आत आणून किंचित ऊब द्यायची, म्हणजे बर्फ कडेपासून सुटतो. मग तो बाहेर काढून वर भोक पाडायचे, मधले पाणी ओतून टाकायचे आणि पोकळीत मेणबत्ती लावायची. झाला कंदील! वारा आत शिरत नाही, उजेड बाहेर येतो. ज्योतीने बर्फ वितळेल असे आपल्याला वाटते. पण तेथल्या थंडीपुढे त्या एवढ्याशा उबेचे काय चालणार? ना काच लागली, ना कागद. ज्या थंडीने दिवा विझवायचा, तिलाच त्याची राखण करायला बसविले.

हा दिवा पुढे सणात आला. चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सण असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिचिहार येथे राहिलेल्या शीछिंग नावाच्या अंमलदाराने त्या प्रांताची हकिकत लिहून ठेविली आहे. तीत तो सांगतो की, सणाला शहरात पाच रात्री दिवे लागत, आणि पुरुषभर उंचीचा बर्फ कोरून दीर्घायुष्याच्या देवाची मूर्ती करीत. तिच्या पोटात दोन मशाली पेटविल्या की दुरून ती स्फटिकाचीच भासे. त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे, आणि ती मला मूर्तीपेक्षाही मोलाची वाटते. हा सोहळा पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतल्या बायका गाड्या जुंपून येत आणि त्या गाड्यांचा आवाज रात्रभर थांबत नसे. एरवी उंबऱ्याआड राहणाऱ्या बायकांना रात्री मोकळेपणी बाहेर पडण्याची मुभा असे ती याच सणात.

या दिवसांत चीनमध्ये बायकांनी ‘शंभर रोग चालून घालविण्याची’ रीत होती. सगळ्या मिळून फिरायला निघत, पूल ओलांडीत. ईशान्येकडे याच सुमारास गोठलेल्या नदीवर चक्क लोळण घेत. चिनी भाषेत बर्फाला ‘बिंग’ आणि आजारालाही ‘बिंग’, फरक काय तो सुराचा. तेव्हा बर्फावर लोळले की आजार झडतो, अशी समजूत. (आपल्याकडे बिंग फुटते, तिकडे ते लोळून घालवितात!) औषध म्हणून त्याचा उपयोग किती ते डॉक्टरांनी सांगावे. पण वर्षातून एकदा शेजारणींसह नदीवर लोळून खदखदून हसायला मिळणे, हेही काही थोडके नव्हे.

१९५९ ते १९६१ ही वर्षे चीनमध्ये भीषण उपासमारीची गेली. त्यानंतर लगेच, १९६३ च्या हिवाळ्यात, हार्बिनच्या चाओलिन उद्यानात हिमदीपांची पहिली सार्वजनिक जत्रा भरली. शहराचे त्या वेळचे पक्षप्रमुख रेन चोंगयी यांच्या पुढाकाराने ती भरली असे सांगतात. साहित्य घरगुतीच होते. बादल्या, घंगाळी, परातींत पाणी गोठवून हजारावर दिवे केले. उपाशी वर्षांतून बाहेर पडलेले लोक ते पाहायला लोटले.

तीन वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीची वावटळ उठली. १९६६ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात, भर सभेत रेन यांच्या तोंडाला काळे फासले, डोक्यावर कागदाची उंच टोपी चढविली. ली चेनशंग या वृत्तपत्रीय छायाचित्रकाराने टिपलेली ती चित्रे पुढे जगाने पाहिली. उद्यानातले दिवेही बंद पडले.

ते १९७९ साली पुन्हा लागले. देवळे पाडता येतात, पोथ्या जाळता येतात. पण हे दिवे कोणी न मोडताही दर वसंतात वितळूनच जात होते. शिल्लक राहत होती ती करण्याची रीत, आणि ती ज्याच्या-त्याच्या हातात होती.

पुढचे थोडक्यात सांगते. १९८५ पासून त्याला वार्षिक उत्सवाचे रूप आले आणि १९९९ मध्ये नदीपलीकडे बर्फाचे प्रचंड नगर उभारण्यास आरंभ झाला. आता मेणबत्तीच्या जागी विजेचे दिवे आहेत. डिसेंबरात कामगार नदीतून बर्फाचे चिरे कापून काढतात आणि ते एकमेकांवर रचून नुसते पाणी ओतून सांधतात. चुना-सिमेंट काही नाही. मला विचाराल तर त्या तिकिटाच्या नगरापेक्षा बादलीतला दिवाच अधिक आवडतो.

तरी घरगुती वळण अगदीच गेले असे नाही. १८ डिसेंबर २०२३ रोजी बर्फनगर उघडले, त्याच दिवशी रांगांना कंटाळून लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. व्यवस्थापकांनी माफी मागितली, आणि मग सारे शहरच पाहुणचाराला उभे राहिले. तेथे हिवाळ्यात गोठून काळे पडलेले पेअर थंड पाण्यात सैल करून तसेच चोखून खातात. दक्षिणेकडच्या पाहुण्यांपुढे तेच पेअर चकत्या करून बशीत मांडून आले! घरची माणसे कौतुकाने रागावली की, आम्हाला कधी असे वाढले नाही. त्या नववर्षाच्या तीन दिवसांत तीस लाखांवर पाहुणे आले.

फेब्रुवारी सरता सरता राजवाडे गळू लागतात. काही चिरे मात्र जाड पांघरुणाखाली झाकून पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतात. कारण काम सुरू करायच्या वेळी नदीचा नवा बर्फ अजून कच्चाच असतो.