‘राजी’ आणि तिचे समीक्षक

बंगळूरच्या दक्षिण सीमेवर, होसूर रस्त्यालगत, ‘किऑनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने गेल्या शतकाच्या आठव्या दशकाअखेर इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत उभारली. 1981 साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस 1983 मध्ये बंगळूरला गेली व पुढे याच वसाहतीत स्थिरावली. भारतीय संगणककौशल्याला या नावाने जगभर प्रतिष्ठा मिळाली. तथापि हे कौशल्य प्रामुख्याने परक्याच्या मागणीबरहुकूम राबणारे होते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातही निराळे घडले नाही. 1997 साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ने परदेशी खेळांसाठी चित्रे व देखावे घडवून नाव मिळविले आणि 2019 मध्ये ती संस्था ‘रॉकस्टार’ या परदेशी कंपनीत विलीन झाली. हात येथला, कल्पना तेथली, अशी ही वाटणी होती. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळाचे स्वागत समजून घ्यावयाचे तर ही पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

या खेळाची कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही खेळे करून पोट भरणारी भावंडे. असुर लहान मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गेचे त्रिशूळ हाती आलेली राजी त्याच्या शोधार्थ निघते आणि महाबलासुरापर्यंत पोचते. दुर्गा व विष्णू वरून तिची वाटचाल पाहतात व तिच्याविषयी परस्परांशी बोलतात. वास्तू राजस्थानी वळणाच्या, रंगलेपन पहाडी शैलीच्या स्मरणातून आलेले, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या द्वारा सांगितलेले. 2017 मध्ये लोकवर्गणीने निधी उभारण्याचा प्रयत्न फसल्यावरही निर्मात्यांनी काम सोडले नाही. 18 ऑगस्ट 2020 रोजी खेळ प्रथम निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इतर यंत्रांवर.

स्वागत उदार झाले, परंतु निःशंक झाले नाही. 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी जी पाच नामांकने झाली, त्यांत ‘राजी’ होती. पारितोषिक ‘फास्मोफोबिया’ला मिळाले. परदेशी परीक्षणांचा गुणांक सर्वसाधारणपणे शंभरात सत्तरीच्या आसपास राहिला. बहुतेकांनी चित्रसौंदर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली; आणि बहुतेकांनीच युद्धप्रसंगांतील ढिलाई, खेळाचा अल्प विस्तार व अकस्मात तुटणारा शेवट यांवर बोट ठेवले. भारतात मात्र स्वर अभिमानाचा होता. आपल्या देवता, आपली शिल्पे, आपली लेक प्रथमच या पडद्यावर दिसली, हा आनंद तेथे परीक्षणाहून मोठा ठरला.

या दोन्ही प्रतिसादांत एक समान उणीव आहे. परदेशी समीक्षकाने या सृष्टीच्या नावीन्याला गुण दिले. देशी रसिकाने तिच्या ओळखीला. एकाला ती अपरिचित म्हणून मोहक वाटली, दुसऱ्याला परिचित म्हणून. परंतु त्या सृष्टीचे कथेत काय झाले, हा प्रश्न दोघांनीही फारसा लावून धरला नाही. असे पूर्वीही घडले आहे. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हाही नव्या यंत्राने प्रथम पुराणाचाच आश्रय घेतला होता, आणि त्या चित्रपटाकडे पाहताना स्वदेशीची भावना कलाविचाराच्या पुढे चालत होती. आरंभकाळी हे स्वाभाविकच असते. मात्र पहिल्या पावलाचे कौतुक हाच कायमचा निकष झाला, तर पुढचे पाऊल पडत नाही.

‘राजी’चा खरा पेच तिच्या घाटात आहे. बहिणीची व्याकुळता हा तिचा भावाशय. लढाई ही तिची कृती. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विरोध आहे, पण तो समतोलापर्यंत पोचत नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना जे करावे लागते ते असुरमर्दन, आणि त्याच्या मनाने ज्याची ओढ धरावी तो गोलू. या दोहोंना जोडण्याचे काम कृतीऐवजी देवतांच्या निवेदनाकडे सोपविले जाते. जे घडावयास हवे ते सांगितले जाते. आणि शेवटी कथा पूर्ण होण्याऐवजी थांबते. समीक्षकांनी ‘ढिले युद्ध’ आणि ‘तुटका शेवट’ असे जे दोन दोष वेगवेगळे नोंदविले, ते वस्तुतः एकाच दोषाची दोन रूपे होत.

छायाबाहुल्यांचा प्रश्नही असाच. त्यांची प्रेरणा बालीकडून आली, आणि बालीच्या छायानाट्यातही रामायण-महाभारतच नांदते. तेव्हा ही उसनवारी परकी म्हणता येत नाही. पण कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. तेथे चित्र, सावली आणि सांगणाऱ्याचा आवाज ही तीन वेगळी अंगे राहत नाहीत. कथेकऱ्याच्या मुखातून सावली हलते. मराठीत ‘खेळ’ हा एकच शब्द क्रीडेलाही लागतो व प्रयोगालाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ‘राजी’त मात्र क्रीडा आणि प्रयोग आळीपाळीने येतात, एक चालू झाला की दुसरा थांबतो. पिंगुळीच्या परंपरेकडून घेण्यासारखे होते ते हे एकजीवपण, केवळ बाहुलीचा आकार नव्हे.

समीक्षा व्यर्थ गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. 2022 मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत युद्धाची मांडणी सुधारली गेली आणि प्रथम इंग्रजीतच बोलणाऱ्या पात्रांना हिंदी वाणी लाभली. दुर्गेने बहिणीच्या वेदनेविषयी बोलावे आणि ते इंग्रजीत बोलावे, यातला विसंवाद निर्मात्यांनाही जाणवला असला पाहिजे. एखादी कृती परीक्षणानंतर अशी पुन्हा हाती घेतली जाणे ही छापील ग्रंथाच्या जगात विरळा दिसणारी गोष्ट या माध्यमात सहज घडते, आणि त्यामुळे येथे समीक्षकाची जबाबदारी वाढते. त्याचा शब्द केवळ निकालपत्र राहत नाही. तो पुढील आवृत्तीचा खर्डा होऊ शकतो. पण जे बदलले ते समीक्षकांनी नेमके सांगितलेले होते. कथेचा घाट बदलला नाही, कारण त्याविषयी नेमके फारच थोडे सांगितले गेले होते. परक्या कल्पनांसाठी राबणाऱ्या हातांनी अखेर स्वतःची कल्पना साकारली, याचे श्रेय ‘राजी’ला निर्विवाद दिले पाहिजे, आणि ते श्रेय कौतुकाच्या नाण्यात नव्हे, कठोर वाचनाच्या नाण्यात चुकविले, तरच तो तिचा खरा सन्मान होय.