ग्रिंडले नावाचा सैनिक

मुंबईत ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना 'एएनझेड ग्रिंडलेज' बँकेची पाटी आठवत असेल. त्यातलं एएनझेड म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची बँक. इथे ऑकलंडला फ्लॅट बुशमधे राहायला आल्यापासून ती तर रोजचीच झाली आहे. पण हा ग्रिंडले कोण? शोधायला गेलो तर निघाला एक सैनिक, आणि तोही चित्रं काढणारा!

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडलेचा जन्म १७८६ चा. सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून त्याची वर्णी लागली आणि १८०४ मधे तो मुंबईला पोचला. तेव्हा हा प्रवास शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून व्हायचा. चार ते सहा महिने सहज लागत. जहाजात केबिन मिळायची ती रिकामी. खाट, टेबल, खुर्ची असलं सगळं सामान प्रवाशाने स्वतः आणायचं. आणि कधी निघायचं ते ठरायचं मोसमी वाऱ्यांवर.

१८२० पर्यंत त्याने पश्चिम हिंदुस्थानात नोकरी केली आणि जाईल तिथे स्केचेस काढली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण काही नव्हतं. परत गेल्यावर १८२६ ते १८३० या काळात त्याने पश्चिम हिंदुस्थानातली दृश्यं, पोशाख आणि वास्तू यांचं ३६ चित्रांचं पुस्तक भागाभागाने काढलं. सासवड, बोरघाट, दौलताबाद, वेरूळ... सगळी आपल्या ओळखीची नावं. पेशवाई १८१८ मधे बुडाली आणि फोटोग्राफीची घोषणा व्हायला १८३९ उजाडलं. मधल्या काळातला आपला मुलूख कसा दिसत होता, हे बघायला अशा चित्रांचाच आधार आहे.

आधार म्हटलं तरी थोडं जपून. स्केचवरून लंडनमधले कसलेले चित्रकार नवं चित्र करत. मग तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून, आम्लाने तो खात-खात छटा उतरवायच्या, छापायचं आणि वर हाताने रंग भरायचे. ही ॲक्वाटिंटची पद्धत. इतक्या हातांतून गेलेल्या चित्रात थोडं सासवड असणार आणि थोडी लंडनच्या गिऱ्हाइकाची आवडही असणार.

त्यातलं 'मुंबई बंदरावर येणारा पावसाळा' हे चित्र मूळचं विल्यम वेस्टॉलचं. हा गृहस्थ मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर ऑस्ट्रेलियाचा किनारा रेखाटत होता. १८०३ मधे प्रवाळाच्या खडकावर जहाज फुटलं, त्यातून वाचला आणि चीनमार्गे १८०४ मधे मुंबईला आला. म्हणजे आमच्या या दक्षिणेकडच्या समुद्रांतून गेलेला माणूस ग्रिंडलेच्या पुस्तकात जाऊन बसला.

पण ग्रिंडलेची खरी हुशारी पुढेच आहे. हिंदुस्थानच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी १८१३ मधे संपली होती, त्यामुळे खाजगी जहाजं वाढली. कुठलं जहाज घ्यायचं, सामान कसं पाठवायचं, हे नवख्याला कोण सांगणार? १८२८ मधे त्याने लंडनमधे 'लेस्ली अँड ग्रिंडले' ही एजन्सी काढली. ती हिंदुस्थानला जाणाऱ्यांच्या प्रवासाची आणि सामानाची व्यवस्था बघायची. पुढे तिचीच बँक झाली. १८३७ मधे त्याने हिंदुस्थानपर्यंत आगबोटी सुरू कराव्यात म्हणून पुस्तिकाही लिहिली. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० मधे साधारण महिन्याभरात सुएझला पोचली होती, त्यामुळे ही कल्पना हवेतली नव्हती. ग्रिंडले वारला १८७७ मधे. तोवर सुएझचा कालवा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते: मुलगा समुद्र ओलांडून आला, चित्रं काढली, इतरांचा प्रवास सोपा केला. मग मी इंजिनियरच्या सवयीने विचारलं, याला इंधन कुठून मिळत होतं? या एजन्सीची गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः कंपनीचे अधिकारी. त्यांचा पगार आणि निवृत्तीनंतर विलायतेत मिळणारी पेन्शन, दोन्ही हिंदुस्थानच्या महसुलातून जायची, आणि त्या महसुलात सर्वात मोठा वाटा शेतसाऱ्याचा. दादाभाई नवरोजींनी हयातभर ज्या संपत्तीच्या ओघाबद्दल सांगितलं, त्यातलाच हा एक पाट. म्हणजे ज्या सासवडचं देखणं चित्र लंडनच्या दिवाणखान्यात गेलं, तिथल्या कुणब्याने भरलेला साराही त्याच दिशेने जात होता. फक्त त्याचं चित्र कुणी काढलं नाही.

ग्रिंडलेज बँक एएनझेडने १९८४ मधे घेतली आणि २००० मधे स्टँडर्ड चार्टर्डला विकली. पाटी गेली, नावही गेलं. आज फ्लॅट बुशमधला एखादा मराठी माणूस मोबाईलवरून गावी आईला पैसे पाठवतो आणि ते फार तर दोन-चार दिवसांत पोचतात. परदेशात राहणाऱ्याला घर, सामान आणि पैसा यांची काळजी तेव्हाही होती आणि आत्ताही आहे. फरक एवढाच, की ग्रिंडलेच्या गिऱ्हाइकांचा पैसा आपल्या मुलखातून निघायचा, आणि आमचा तिकडे जातो.