शोमरोनी कोणाला करायचं? शाळेत नव्याने सांगितलेले दृष्टांत आणि इतिहासाची साधनं

पीएचडीसाठी विषय शोधताना आपली नजर आधी लढाया, चळवळी, मोठी माणसं यांच्याकडे जाते. शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या गोष्टी इतिहासाचं साधन असू शकतात, हे सहसा डोक्यातच येत नाही. म्हणून आज त्यांच्याबद्दल. येशूचे दृष्टांत आजच्या वेशात आणून वर्गात सांगायची पद्धत घेऊ, आणि त्यातलाही एकच दृष्टांत: लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला ‘चांगला शोमरोनी’.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक बघून पुढे जातो, लेवी बघून पुढे जातो, आणि तिसरा येतो तो शोमरोनी. तो जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, वर पैसेही देऊन जातो. आता गंमत बघा. ऐकणाऱ्या यहुदी माणसाच्या कानाला याजक आणि लेवी यांच्यानंतर तिसरा ‘साधा इस्राएली’ अपेक्षित होता. ‘ब्रह्मा, विष्णू...’ म्हटलं की पुढचं नाव आपल्या ओठांवर येतं ना, तसंच. तिथे शोमरोनी आला, म्हणजे शत्रू आला. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाडलं होतं. वैर इतकं जुनं. गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्यालाच विचारतो, की या तिघांत शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण ‘शोमरोनी’ हा शब्द तोंडातून काढत नाही. दया करणारा, एवढंच म्हणतो.

हे वाचायला आपल्याकडे एक चांगलं हत्यार आहे. मराठी एमएला महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ अनेकांनी केला असेल. त्यात ११४ दृष्टांत आहेत. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरस्वामींचे, आणि प्रत्येकाखालचा दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लागू करायची ते, केसोबासांचा. गोष्ट एकाची, लागू करणारा दुसरा. ही फट लक्षात ठेवा. शाळेतलं पुनर्कथन वरवर फक्त गोष्टीचे कपडे बदलतं, पण बहुतेक वेळा हळूच दार्ष्टांतिकही बदलून टाकतं.

इंग्लंडचं उदाहरण घेऊ. १९४४च्या शिक्षण कायद्याने तिथल्या सरकारी शाळांमध्ये धर्मशिक्षण आणि रोजची सामूहिक प्रार्थना सक्तीची झाली (पालकांना आपलं मूल त्यातून काढून घेता येत असे). वीसेक वर्षं मुलं बायबलच्या गोष्टी शिकत राहिली. मग १९६४ मध्ये रोनाल्ड गोल्डमन यांचं पुस्तक आलं. पियाजेच्या चौकटीत त्यांनी २००च्या आसपास मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निष्कर्ष असा, की लहान मुलं या गोष्टी शब्दशः घेतात, आणि प्रतीकात्मक अर्थ पकडण्याची ताकद साधारण पौगंडावस्थेत येते. मुलांच्या अनुभवापासून सुरुवात करा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली, पण ‘मुलांच्या जगातली गोष्ट’ हा मार्ग रुळला. यरीहोचा रस्ता शाळेच्या मैदानावर आला, आणि शोमरोन्याच्या जागी विरोधी फुटबॉल संघाचा चाहता उभा राहिला.

फुटबॉलचा बदल हसण्यावारी नेऊ नका. लँकेस्टर विद्यापीठाच्या मार्क लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक माणूस पळताना पडून विव्हळतो. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर मदत धावून येते. लिव्हरपूलचा असेल तर खूपच कमी. म्हणजे वैर खरं आहे. तरी माझं मत असं, की हे वैर शनिवारी सामन्यापुरतं जागं होतं आणि सोमवारी दोघे एकाच बाकावर बसतात. शोमरोनी त्या बाकावर बसलाच नसता.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला क्लॅरेन्स जॉर्डन. शेतीशास्त्राचा पदवीधर, नव्या कराराच्या ग्रीकमध्ये डॉक्टरेट. १९४२ मध्ये त्याने जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ ‘कोइनोनिया’ नावाचं शेत सुरू केलं. गोरे-काळे एकत्र राहणार, एका टेबलावर जेवणार. १९५०च्या दशकात गावाने बहिष्कार टाकला, गोळ्या झाडल्या, बॉम्ब टाकले. कोइनोनियातल्या गोऱ्या मुलांना गावच्या हायस्कूलने प्रवेश नाकारला आणि १९६० मध्ये फेडरल न्यायालयात जाऊन तो मिळवावा लागला. या माणसाने नंतर ‘कॉटन पॅच’ आवृत्तीत शुभवर्तमान जॉर्जियाच्या बोलीत आणलं. लूकचा भाग १९६९चा. त्यात वाटसरू अटलांटाहून ऑल्बनीला निघालाय. गाडी न थांबवता जाणारे दोघे म्हणजे गोरा धर्मोपदेशक आणि चर्चमधला गोरा गायक. थांबतो तो काळा माणूस. ही आवृत्ती शाळेसाठी लिहिलेली नव्हती, पण वर्गातल्या पुनर्कथनांना लावायला माप म्हणून मला तीच उपयोगी पडते.

एक दगाफटका मात्र दोन्ही प्रकारांत संभवतो. मूळ गोष्टीतला याजक पुढे का गेला, हे समजावताना कित्येक शिक्षक सांगतात की ‘यहुद्यांच्या सोवळ्याओवळ्याच्या नियमांमुळे’. एमी-जिल लेव्हीन या यहुदी नव-करार-अभ्यासक २०१४च्या आपल्या पुस्तकात हे खोडून काढतात. याजक यरुशलेमहून खाली येतोय, मंदिराकडे चाललेला नाही. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देणं यहुदी परंपरेत कर्तव्यच. कथेत सोवळ्याचा उल्लेखही नाही. म्हणजे शेजाऱ्याबद्दलची गोष्ट शिकवता शिकवता यहुद्यांबद्दलचा आकस मुलांच्या वहीत उतरतो, आणि शिक्षकाला पत्ताही नसतो. अशी पुस्तकं चाळताना मी म्हणूनच गोष्टीपेक्षा तिच्याखालचे प्रश्न आणि शिक्षक-पुस्तिकेतल्या सूचना आधी वाचते. दार्ष्टांतिक तिथे सापडतो.

काळाने शोमरोन्याचं दातं काढून टाकलीत, हेही खरं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘गुड समॅरिटन’ आला. शब्द आता निव्वळ ‘मदत करणारा भला माणूस’ या अर्थी वापरतात. वैर गळून पडलं.

आपल्याकडे विषय शोधणाऱ्यांसाठी इथे जागा आहे. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थांत संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. त्यामुळे अनेक ख्रिस्ती शाळांत एकाच तासाला वर्ग दुभंगतो: कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला, बाकीची मूल्यशिक्षणाला. दोन्हीकडची एकाच दशकातली पुस्तकं मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात शोमरोनी कोण, दुसऱ्यात तो आहे का, आणि असला तर त्याची जात, धर्म, मोहल्ला सांगितलाय की नुसताच ‘एक दयाळू वाटसरू’, हे तपासा. शाळांची जुनी कपाटं रद्दीत जायच्या आत जमलं तर बरं.