फिलिप्स, बॅरी

फिलिप्स, बॅरी : (२७ ऑक्टोबर १९३४–२८ डिसेंबर २०२४). अमेरिकन डबल बेसवादक. जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे. न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये सुरुवात आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे मुक्त उत्स्फूर्त वादन. कुणाचीही साथ न घेता एकट्या डबल बेसवर काढलेली पहिली ध्वनिमुद्रिका त्यांचीच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंचा तबला त्यांच्या एका महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकेत आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे.

वाद्याविषयी आधी थोडे. डबल बेस माणसाच्या उंचीचा असतो आणि वादक त्याला अंगाशी टेकवून उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून वाजवतो. तारा चार, एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर मिळवलेल्या. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. म्हणजे काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जापेक्षाही तो स्वर पाऊण सप्तक खाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी डबल बेस वर्षानुवर्षे वाजवला, पण गाणे ऐकताना तो कानाला वेगळा जाणवत नाही. काढून घेतला तर मात्र गाणे पोकळ होते. महाकोशलातल्या श्रोत्याला गजाने वाजणारे खालच्या आवाजाचे विलायती वाद्य माहीत असते ते मैहर बँडमुळे. जबलपूरहून कटनीवरून मैहरला गेले की बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन उभारलेल्या त्या वाद्यवृंदात व्हायोलिनच्या जोडीला चेलो दिसतो, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंगही. मात्र तिथली प्रत्येक रचना बाबांनी बसवून, घोटून घेतलेली. फिलिप्स यांचा मार्ग याच्या नेमका उलट.

१९५९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को सिंफनीतले बेसवादक चार्ल्स सियानी यांच्याकडे थोडा काळ शिक्षण घेतले आणि १९६० पासून वादन हाच व्यवसाय केला. १९६२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. जॅझच्या मंडळींत बेसवाल्याला कामाची ददात नसते, कारण चांगले बेसवादक नेहमीच कमी आणि त्यांची गरज प्रत्येकाला. जिमी जुफ्री, डॉन एलिस, अटिला झोलर अशांबरोबर ते वाजवत राहिले. लॅरी ऑस्टिन यांच्या जॅझवादक व वाद्यवृंदासाठीच्या रचनेत लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकबरोबर ते १९६४ मध्ये वाजवून गेले. जुलै १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात आर्ची शेप यांच्या चौकडीत बेस त्यांचाच होता. या काळात त्यांचे काम मुख्यतः पायाचे. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरणारा जे करतो, साधारण तेच. फरक एवढाच, की ही मंडळी ज्या वाटेला लागली होती तिथे पायाच हलू लागला होता. ठरलेली लय आणि ठरलेली स्वरसंगती सुटत चालली, आणि धरून ठेवण्याजोगे काही उरले नाही तर लेहरा धरणाऱ्याने करायचे काय, हा प्रश्न बेसवादकापुढे इतरांच्या आधी आला.

१९६७ मध्ये ते युरोपात आले ते पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये जे घडले त्यामुळे त्यांचे नाव झाले, आणि ते घडले काहीसे अपघाताने. अमेरिकन संगीतकार मॅक्स शूबेल यांना इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी कच्चा माल म्हणून डबल बेसचे आवाज हवे होते. नोव्हेंबर १९६८ मध्ये हॉलंड पार्क भागातल्या एका चर्चमध्ये फिलिप्स एकटे उभे राहिले आणि सुचेल ते वाजवत गेले. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये नावेतून मारलेली हाक अंमळ उशिराने परत येते. दगडी चर्चमध्ये खर्जाचे तसेच होते. वाजवणाऱ्याला आपलाच मागचा स्वर पुढच्या स्वराखाली ऐकू येतो आणि तो त्याच्याशी बोलू लागतो. शूबेल यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले आणि याचा कच्चा माल करण्यात अर्थ नाही, हे असेच प्रसिद्ध व्हावे असे सुचवले. अमेरिकेत ते ‘जर्नल व्हायलोन’ म्हणून निघाले, इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये वेगळ्या नावांनी.

त्यात काय आहे हे सांगायचे तर गजापासून सुरुवात करावी लागते. गज पट्टीच्या टोकाजवळ ठेवून सैल ओढला तर स्वर गोल, जाड येतो. तोच गज हळूहळू घोडीकडे सरकवत नेला की मूळ स्वर विरत जातो आणि त्याच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून बाहेर पडतात. तंबोरा नीट जुळला, जवारी उघडली, की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो आणि आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तत्त्व तेच आहे. मात्र तंबोऱ्यात तो गंधार वरदानासारखा येतो, फिलिप्स तो गजाच्या दाबाने बोलावतात, थांबवतात, कधी चिरकू देतात. शिवाय लाकडावर बोटांनी थाप, तारेवर गजाच्या काठीचा आघात, घोडीच्या पलीकडच्या आखूड तारेचा किणकिणाट, हे सगळे वाजवण्यातच धरलेले. शास्त्रीय बैठकीला सरावलेल्या श्रोत्याला पहिली पाच मिनिटे वादक अजून वाद्य जुळवतो आहे असे वाटण्याचा संभव आहे. पाच मिनिटे द्यावीत.

‘मुक्त’ या शब्दाने मराठीत गैरसमज होतो म्हणून सांगायचे. आपल्या गाण्यातही बढत, उपज, तिहाई जागेवरच सुचतात, पण रागाचे कुंपण आणि समेचा खुंटा पक्का असतो. इथे दोन्ही नाहीत. आधी ठरवलेली चीज नाही, ताल नाही, कुणी मुख्य नाही नि कुणी साथीदार नाही. उरते फक्त शेजारी काय वाजते आहे ते ऐकणे. त्यामुळे ही मैफल बिघडते तेव्हा फार वाईट बिघडते. सावरायला ठेकाच नसतो.

१९६९ ते १९७२ या काळात जॉन सर्मन (सॅक्सोफोन) आणि स्टू मार्टिन (ड्रम) यांच्यासह त्यांनी ‘द ट्रायो’ हा संच चालवला. १९७१ मध्ये डेव्ह हॉलंड यांच्याबरोबरची ‘म्युझिक फ्रॉम टू बेसेस’ आली. दोन डबल बेसांची जुगलबंदी म्हणून ती बहुधा पहिलीच. त्याच वर्षी चार बेस आणि एक तालवादक असाही प्रयोग त्यांनी ध्वनिमुद्रित केला. १९७२ पासून दक्षिण फ्रान्समधील प्युजे-व्हिल येथे एका जुन्या चॅपेलमध्ये त्यांनी घर केले. नृत्यदिग्दर्शिका कॅरोलिन कार्लसन यांच्यासाठी संगीत, काही चित्रपटांची कामे, बॅरी गाय यांच्या लंडन जॅझ कंपोझर्स ऑर्केस्ट्रामधली जागा हे सारे त्यानंतरचे.

‘थ्री डे मून’ ही ध्वनिमुद्रिका मार्च १९७८ मध्ये ऑस्लो येथे झाली. टेर्ये रिप्डाल यांची गिटार, डीटर फाइश्टनर यांचा सिंथेसायझर, आणि तबला व इतर तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. गुर्टू (जन्म मुंबई, १९५१) हे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. ज्या घरात ठुमरीच्या लग्गीचा रियाज कानावर पडत असे, तिथला तबलजी सम नसलेल्या संगीतात शिरला, ही घटना मराठीत फारशी नोंदली गेलेली नाही. १९७८ मध्येच मुंबईत निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा सुरू केली आणि जॅझचे मोठे कलावंत इकडे येऊ लागले. गुर्टूंचा प्रवास मात्र उलट दिशेचा, इकडून तिकडे. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ही फिलिप्स यांची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका नव्हे. सिंथेसायझरचा थर दाट आहे आणि बेस-तबल्याचे संभाषण त्याखाली कित्येकदा दबते. जिथे ते मोकळे होते तिथे बायाँची घूम आणि बेसचा खर्ज एकमेकांत असे मिसळतात की कोणता हात कुणाचा हे सांगता येऊ नये. गुर्टूंनी पुढे ‘ओरेगॉन’ या संचात आणि जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रिकुटात नाव मिळवले आणि १९८८ च्या ‘उस्फ्रेट’मध्ये आईचाच आवाज घेतला.

फिलिप्स यांच्या उत्तरार्धातली सर्वांत निरखून ऐकण्याजोगी मैफल म्हणजे ‘टाइम विल टेल’ (ध्वनिमुद्रण १९९४), पियानोवादक पॉल ब्ले आणि सॅक्सोफोनवादक इव्हन पार्कर यांच्यासह. ब्ले न्यूयॉर्कच्या दिवसांतले, पार्कर युरोपातले. त्या दोघांनी त्याआधी एकत्र वाजवले नव्हते. दोघांनाही जाणणारे फिलिप्स मधोमध, आणि त्यांची गंमत अशी की ते मध्ये आहेत हे बराच वेळ कळतच नाही. पियानो वाक्य अर्धवट सोडतो, सॅक्सोफोन ते उचलत नाही, आणि त्या दोघांमधल्या फटीत गजाचा एकच लांब स्वर येऊन थांबतो. दोन वर्षांनी ऑस्ट्रियातल्या सांक्ट गेरोल्ड मठात हेच तिघे पुन्हा भेटले.

२००२ मध्ये जर्मन बेसवादक पीटर कोव्हाल्ड गेले. त्यांच्या स्मरणार्थ फिलिप्स, जोएल लेआंद्र, विल्यम पार्कर आणि तेत्सु साइतो अशा चौघा बेसवादकांनी एकत्र वाजवले. २०१४ मध्ये फिलिप्स यांनी उत्स्फूर्त वादनासाठी एक युरोपीय केंद्र स्थापन केले.

वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी ईसीएम या ध्वनिमुद्रिका कंपनीचे मान्फ्रेड आयखर यांना कळवले, की आपली शेवटची एकल ध्वनिमुद्रिका करायची आहे. मार्च २०१७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या स्टुडिओत ती झाली आणि पुढच्या वर्षी, लंडनच्या चर्चमधल्या ध्वनिमुद्रणाला पन्नास वर्षे होत असताना, ‘एंड टू एंड’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे भाग तीन, आणि त्यांची नावे मराठीत शोध, आतले दार, बाहेरची खिडकी अशी होतील. त्यात १९६८ मधली झटापट नाही. स्वर कमी आहेत आणि गज उचलल्यावरची शांतता लांब ठेवलेली आहे. शेवटची म्हटली तरी ती एकल वादनापुरतीच शेवटची ठरली. २०२२ मध्ये धाकट्या जॉर्ज कुर्तागांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांबरोबर त्यांची आणखी एक ध्वनिमुद्रिका आली. ज्या वाद्याचे आवाज एका इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी कच्चा माल म्हणून मागितले गेले होते, ते चौपन्न वर्षांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यासमोर बरोबरीने बसले होते. न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी फिलिप्स यांचे निधन झाले.