थ्रेड : बोलींची दोन मोजदादी

फ्रान्समध्ये बोलींची पहिली देशव्यापी चौकशी झाली ती त्या नष्ट करण्याच्या हेतूने.

१३ ऑगस्ट १७९० रोजी राष्ट्रीय सभेचा सदस्य असलेल्या आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने ४३ प्रश्नांची प्रश्नावली देशभर धाडली. तुमच्याकडे कोणती बोली चालते? गावागणिक ती बदलते का? ती समूळ नाहीशी केल्यास काय साधेल?

जून १७९४ मध्ये त्याने अहवाल मांडला. त्याच्या अंदाजाने ८३ पैकी जेमतेम १५ जिल्ह्यांत केवळ फ्रेंच चालत होती. किमान ६० लाख लोकांना ती येतच नव्हती, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते. अहवालाच्या शीर्षकातच बोलींच्या उच्छेदाची भाषा होती.

ग्रेग्वारला खलनायक ठरवण्याची घाई मात्र करू नये. ज्यूंच्या नागरिकत्वासाठी आणि गुलामगिरीविरुद्ध झगडलेला हा माणूस. ज्याला कायद्याची भाषा कळत नाही तो नागरिक म्हणून बरोबरीने कसा वागणार, ही त्याची चिंता मला खरी वाटते. उपाय भयंकर होता.

शतकभराने दुसरी मोजदाद झाली, ती जतनासाठी. भाषाशास्त्रज्ञ झ्यूल झिलिएराँ याने या कामासाठी प्राध्यापक न निवडता तीक्ष्ण कानाचा एक किराणा दुकानदार निवडला : एदमाँ एदमाँ. (नाव आणि आडनाव उच्चारी एकच!) १८९७ ते १९०१ या काळात तो ६३९ ठिकाणी गेला आणि लोकांचे उच्चार जसेच्या तसे टिपत राहिला. त्यातून १९०२ पासून फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध होऊ लागला.

या नकाशांतले गॅस्कनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या काही भागांत लॅटिन शब्दाच्या अखेरच्या 'ल्ल'चा 'त' होतो. त्या नियमाने कोंबड्याचा 'गाल्लुस' झाला 'गात'. आणि मांजर आधीच 'गात' होते! 'गात मेला' म्हटले तर काय मेले? शेतकऱ्याच्या अंगणात हा गोंधळ परवडणारा नव्हता. मग कोंबड्याला कोणी 'फेझंट' म्हणू लागले, कोणी चक्क 'पाद्रीबुवांचा मदतनीस'. ही नावे ज्या पट्ट्यात आढळतात, तोच पट्टा 'त'काराचाही आहे. अडाणी ठरवलेल्या बोलीने आपली अडचण आपणच सोडवली होती.

उत्तरेत मधमाशीची तऱ्हा वेगळी. लॅटिन 'आपिस'पासून आलेला शब्द झिजत झिजत कुठे कुठे नुसता 'ए' उरला. इतका तोकडा शब्द वाक्यात टिकेना, तेव्हा अनेक ठिकाणी लोक आपल्यासारखेच 'मधाची माशी' म्हणू लागले. प्रमाण फ्रेंचने मात्र 'आबेय' हा शब्द स्वीकारला. तो आला दक्षिणेच्या ऑक्सितानमधून, म्हणजे ग्रेग्वारला पुसून टाकायच्या असलेल्या बोलींच्याच घराण्यातून. आणि ग्रेग्वारच्या जन्माच्या कितीतरी आधी.